छत्रीवाल्याचा निळा

गाडीवरचं कापड ओढलं गेलं आणि माईंना कळून चुकलं, की बाबूला फोनवर 'छत्रीवाल्याचा'च्या जागी 'छत्रीवालीचा' ऐकू आलं होतं.

गाडी निळीच होती, त्यात वाद नव्हता. पण हा निळा फिका, धुऊन धुऊन विटल्यासारखा, तान्ह्या बाळाच्या टोपड्याला शोभेल असा. शोरूमच्या दिव्यांखाली तो कसा लाडालाडाने हसत होता. टाय लावलेल्या विक्रीवाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या. माईंचे यजमान, मास्तर, तेवढे आधी वाकून टायर बघत होते. सगळी हयात मोटार ड्रायव्हिंग शिकवण्यात गेलेला माणूस, त्यांना गाडी पायापासून वर दिसायची.

"डिलिव्हरीला उशीर तर नाही ना झाला?" गृहस्थांनी हसून विचारलं.

"नाही, अजून महिना आहे," सून पोटावर हात ठेवून म्हणाली. मग गृहस्थांचा गोंधळलेला चेहरा बघून तिचं तिलाच हसू फुटलं. "अच्छा, गाडीची होय!"

वन्सं हसल्या नाहीत. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हसण्याचं मनावर घेतलेलं नव्हतं. वहिनीची नवी गाडी बघायला त्या मुद्दाम दुसऱ्या गावाहून आल्या होत्या आणि आल्यापासून शोरूममधल्या खुर्च्या वाकड्या मांडल्यात हे त्यांना खुपत होतं.

बाबू मात्र गाडीकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता. इतका मोठा बाप्या, हाताखाली माणसं वागवणारा, इमारती उभ्या करणारा इंजिनियर, आणि चेहरा असा, जसा चित्र काढून आणलेल्या पोराचा असतो.

"काय माई? आणला की नाही?"

"आणलास रे," माई म्हणाल्या. "आणलास खरा."

आता हे छत्रीवाला-छत्रीवाली प्रकरण त्या घराबाहेर कुणाला सांगून कळलं नसतं. माईंचं दोऱ्या-बटणांचं दुकान होतं. बायका कापडाचा तुकडा घेऊन यायच्या आणि माई त्याला जुळणारं रीळ काढून द्यायच्या. खणांवर रंगांची नावं नव्हतीच. ज्याच्यासाठी रंग आणला त्याचं नाव त्या रंगाला लागायचं. बँडवाल्यांचा लाल. पोस्टमनचा खाकी. डॉक्टरीणबाईंचा पोपटी. बाबू त्याच खणांच्या पायथ्याशी रांगायला शिकला, त्यामुळे शाळेत बाईंनी सफरचंदाचा रंग विचारला तेव्हा त्याने खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "बँडवाल्यांचा!" घरात एक राखाडीही होता, त्याला 'वन्संचा' म्हणत. पण तो वन्सं नसताना.

समोरच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा. त्याची बायको रेनकोट शिवायची आणि तिला दर वेळी तोच फिका निळा दोरा लागायचा. तो छत्रीवालीचा निळा. सोपा रंग, खण कधी रिकामा नसे. आणि एकदाच, एका गिऱ्हाइकाची जुनी छत्री घेऊन छत्रीवाला स्वतः आला होता. तिच्या कापडाचा निळा असा, की वरून बघावा तर निळा, तिरका धरावा तर हिरवा आणि डोळे मिटावेत तर नुसता ओला. माईंनी तो तुकडा दुकानाच्या पायरीवर उन्हात नेला, सावलीत नेला, सगळे खण उपसले, व्यापाऱ्यांकडे निरोप धाडले. नाही मिळाला. शेवटी छत्री काळ्या दोऱ्याने शिवली गेली. "चालेल की, माई," छत्रीवाला म्हणाला. गल्ल्याच्या आत उभं राहून माईंनी तो शब्द कधी वापरलेला नव्हता. गिऱ्हाइकाला हवा तोच रंग, नाहीतर उद्या या, मागवून ठेवते.

गल्ल्याच्या बाहेर मात्र गोष्ट उलटी होती. घराच्या भिंतींना रंग देताना मास्तरांनी विचारलं, पिवळा चालेल? चालेल. वन्संनी पडद्यांचं कापड पाठवलं, चालेल ना गं? चालेल की. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या एकजात जुन्या, कुणीतरी वापरून सोडलेल्या. त्या ज्या रंगाच्या येत त्या रंगाच्या घरी नांदत. ही पहिली कोरी गाडी. मास्तरांच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबून दाबून राजीनामा दिला होता आणि माई साठी उलटल्यावर गाडी शिकल्या होत्या, तीही मास्तरांकडेच. संसारात कधी झालं नाही तेवढं भांडण त्या शिकवणीत झालं. पण लायसन्स मिळालं. गाडी माईंची, चालवणार माई.

तरी रंगावरून जेवणाच्या टेबलावर रणकंदन झालंच. बाबू म्हणाला पांढरा, ऊन कमी शोषतो. मास्तर म्हणाले पिवळा, दुरून दिसतो. सून म्हणाली लाल, आणि का ते सांगायचं तिने साफ नाकारलं. वन्सं फोनवरून म्हणाल्या, राखाडीसारखा पोक्त रंग नाही. त्यावर टेबलाभोवती सगळ्यांनी खाली बघून ओठ चावले. माई आमटीसारखं सगळ्यांच्या पानात थोडं थोडं वाढत राहिल्या: "तेही बरं... हेही बरं..." मग टेबल आवरताना त्यांना माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात तो चौकोन दिसला. नखाएवढा. त्या तो गॅलरीत घेऊन गेल्या, उन्हात धरला, तिरका केला. आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबूला कामावर फोन केला. मागे सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं.

"बाबू, छत्रीवाल्याचा निळा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. एवढं बोलतानाही छाती धडधडली होती, एखाद्या पोरीने चोरून चिठ्ठी द्यावी तशी.

आणि बाबूने काही विचारलं नाही. परक्या माणसाने विचारलं असतं, कुठला निळा, पत्रकातलं नाव काय. बाबूला विचारायची गरजच वाटली नाही; त्याला घरची भाषा येत होती. त्याने आपला पांढरा सोडला, बापाचा पिवळा मोडून काढला, आत्याला फोनवर ठणकावलं, "रंग माईचा. विषय संपला." गाडी नोंदवली आणि आज रजा काढून सगळ्यांना घेऊन आला.

"माई, बोल ना काहीतरी."

"जरा बाहेर उजेडात घेता येईल का हो?" माईंनी गृहस्थांना विचारलं. मनात एक वेडी आशा होती, की दिवे खोटं बोलत असतील. ट्यूबलाइटखाली कितीदा असं झालं होतं. आत अंजिरी दिसणारा रंग पायरीवर नेला की तपकिरी निघायचा.

गाडी अंगणात आली. ऊन पडलं तशी ती आणखीच फिकी झाली, अगदी ढग पांघरून बसल्यासारखी. माईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर तळवा ठेवला. गरम, गुळगुळीत, निष्पाप गाडी. तिचा काय दोष?

गृहस्थ पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली घेऊन पुढे झाले. "या मॅडम, किल्ली घ्या, सगळे जवळ या, फोटो काढू."

माईंनी हात पाठीमागे नेले.

"बाबू," त्या हळूच म्हणाल्या, "हा छत्रीवालीचा निळा आहे."

"हो. मग?"

"मी छत्रीवाल्याचा म्हटलं होतं."

बाबूचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याची नजर गाडीवर गेली, आईवर आली, परत गाडीवर गेली. त्याला तो तुकडा आठवला असावा. लहान होता, पण खण उपसताना रिळं गोळा करायला तोच तर होता.

"वाल्याचा..." तो पुटपुटला. "ते यंत्र चालू होतं गं मागे."

"काय झालं? काय म्हणतेय ती?" वन्सं पुढे आल्या. सुनेने त्यांना थोडक्यात सांगितलं. वन्संनी चष्मा नीट केला. "म्हणजे गाडी निळी हवी होती आणि निळीच आलीय. मग अडलंय कुठे? रंग काय चाटायचाय?"

"तसं नाही वन्सं."

"दोन निळ्यांत असा किती फरक असणार?"

"तुमच्या शाळेत दोन मुलांत असतो तेवढा," सून म्हणाली आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

मास्तरांनी घसा खाकरला. भांडणात पडायच्या आधी ते नेहमी इंडिकेटर दिल्यासारखे खाकरायचे. "अगं, गाडी उत्तम आहे. टायर बघितले मी. आणि तू आत बसलीस की तुला कुठे बाहेरचा रंग दिसणार आहे? दिसणार तो समोरच्याला."

"म्हणजे समोरच्याच्या आवडीचा घ्यायचा का?"

"मी तसं कुठे म्हटलं? मी आपलं एक..."

"मॅडमना कोणता हवा होता?" गृहस्थांनी सावधपणे विचारलं. सुनेने मोबाइलवर पत्रक उघडून धरलं आणि माईंनी तो चौकोन दाखवला. "ओहो. हा फार कमी जातो. मागवावा लागेल, रांगेत शेवटून नंबर लागेल. तीन महिने धरा, चारही होतील." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "हा घ्या ना. हा सगळ्यांना आवडतो."

माईंनी सुनेच्या पोटाकडे बघितलं. याच महिन्यासाठी तर गाडीची घाई केली होती. आडवेळेला कळा आल्या तर दारात गाडी हवी. मास्तरांनी दवाखान्याच्या वाटेवरचे खड्डेसुद्धा माईंकडून पाठ करून घेतले होते. घशाशी आलेला शब्द माईंनी गिळला. तो इतका ओळखीचा शब्द होता, इतका मऊ झालेला. जिभेवर ठेवला की आपणहून घरंगळत बाहेर पडणारा.

"माई," बाबू म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "चुकलं माझं. पण आता आणलीये ना. एवढी वेळ चालवून घे."

ऊन होतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पांढऱ्या, करड्या, पांढऱ्या. माईंनी मुलाकडे बघितलं.

"मला चालवायची आहे रे ती," त्या म्हणाल्या. "चालवून घ्यायची नाहीये."

माई स्वतःही दचकल्या. वाक्य कुणा दुसरीनेच उच्चारल्यासारखं अंगणात उभं होतं, आणि ते परत घ्यायला हात पुढे होत नव्हता.

"अगं पण सूनबाईचं काय?" मास्तर म्हणाले. "ऐन वेळी..."

"टॅक्सीने जाईन मी," सून म्हणाली. "सगळं जग जातं. आणि बाबा, खरं सांगू? माई चालवत असतील आणि तुम्ही शेजारी बसून गिअर सांगत असाल, तर मला रस्त्यातच व्हायची भीती आहे."

"आधीच सांगायचंस ना!"

"आज संधी मिळाली."

बाबूने हात वर केले. "वा! म्हणजे मीच वेडा. सगळ्यांशी भांडलो, पांढरा सोडला, रजा काढली. कुणासाठी? आत्या, तूच सांग हिला. तुझं ऐकते ती."

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्या वहिनीकडे बघत होत्या. वर्गातली कधीच हात वर न करणारी मुलगी एकदम उभी राहिली, की बाई बघतात तशा. माईंनी मान खाली घातली. पडदे, भांडी, बारशाच्या वेळचं बाबूचं नाव, सगळ्यात वन्संचा शब्द शेवटचा असायचा. आताही त्या बोलतील, आणि मग झालं.

"बाबू," वन्सं म्हणाल्या, "तिने नाही म्हटलंय. तुला ऐकू आलं नाही का? की इथेही यंत्र चालू आहे?"

बाबू फिरला आणि तरातरा गाड्या धुण्याच्या जागेकडे निघून गेला.

माई मागून गेल्या. तिथे पाण्याचा पाइप तसाच वाहत पडला होता. बाबूने नळ बंद केला. इंजिनियर असो की कुणी, आईला वाहता नळ सहन होत नाही हे त्याच्या हाडात होतं.

"रागावलास?"

"नाही."

"रागावलायस. तुझे कान लाल झालेत. बँडवाल्यांचा लाल."

त्याला हसायचं नव्हतं. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "मला वाटलं, निदान तुझी एक गोष्ट मला बरोबर कळली. तुझा फोन आला ना माई, मी यंत्रापाशी उभा राहून रडलो. माणसं बघत होती. म्हटलं, आईने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि ते तिने मला मागितलं. आणि तेच मी..."

माईंनी त्याच्या शर्टाची बाही नीट केली. नीटच होती, तरी केली.

"ऐक. शोरूमवाल्याला फोन केला असता तर हवा तो रंग आज आला असता. तो नाव विचारतो, लिहून घेतो. मी तुला केला. का केला? कारण तुला छत्रीवाला माहीत आहे. आता जगात किती माणसं उरलीत रे, ज्यांना तो माहीत आहे? तू चुकलास तोसुद्धा आपल्याच खणात चुकलास. शेजारचा खण उघडलास. परक्याला ती चूकही जमली नसती."

"मग घे ना तीच. माझी आठवण म्हणून."

"तू काय कुठे निघालायस, आठवण ठेवायला?" माई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "ती घेतली ना, तर मी रोज म्हणेन, लेकाने प्रेमाने आणली. खरंच म्हणेन. आणि रोज रस्त्यात तो दुसरा निळा शोधेन. तुला ते कळणार नाही, पण मला कळेल. आणि मग मला तुझा राग येईल, बाबू. थोडासा, रोज. तो मला यायला नकोय."

बाबूने बाहीनेच नाक पुसलं, आताच नीट केलेल्या.

"चार महिने लागतील."

"लागू देत."

"तोवर तू शिकलेलं विसरशील."

"तुझे बाबा आहेत ना. ते स्टूलवर बसवून सराव घेतात माझा. काल भाकरीच्या तव्यासमोर मला यू-टर्न घ्यायला लावला."

आता मात्र तो हसला. ते दोघं परत आले तेव्हा वन्सं गृहस्थांना समोर उभं करून नव्या नोंदणीचं सांगत होत्या आणि ते गृहस्थ हात पाठीमागे बांधून 'हो बाई, हो बाई' करत होते. पत्रकातला तो चौकोन वन्संनी स्वतः बोट ठेवून दाखवला. "हाच. याच्या शेजारचा नाही, खालचा नाही. परत म्हणा बघू." गृहस्थांनी परत म्हटलं. ती फिकी निळी गाडी पुन्हा आत गेली. तिला पुसायला एकाने फडकं घेतलं. कुणीतरी तिच्यावर जीव टाकणारं येईलच, माईंना वाटलं. तिला तिचं माणूस मिळो.

मग मंडळी फुटपाथवर आली आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की घरी कसं जायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. येताना दोन टॅक्सी केल्या होत्या, जाताना स्वतःच्या गाडीतून जायचं होतं.

"पाच माणसं, सहावं पोटात," मास्तर म्हणाले. "एका टॅक्सीत मावत नाही. बस."

थांब्यावर एकच बाक होता. तो सुनेला आणि वन्संना मिळाला. मास्तर गुडघा चोळत खांबाला टेकले, माई त्यांच्या शेजारी. बाबूने सगळ्यांमध्ये पाण्याची बाटली फिरवली.

"माई," तो एकदम म्हणाला, "आणखी काय काय आहे गं? म्हणजे, जे तू चालेल म्हणालीस आणि चालत नव्हतं?"

"जाऊ दे रे."

"नाही, सांग. आज सुटलीच आहेस तर."

माईंनी विचार केला. "हॉलचे पडदे."

"ते मी पाठवले होते!" वन्सं बाकावरून म्हणाल्या.

"हो वन्सं. म्हणून तर."

वन्संनी वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघावं तसं रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "मलाही नव्हते आवडले," त्या शेवटी म्हणाल्या. "उरलेलं कापड होतं."

सुनेला हसून हसून उचकी लागली. "अजून, माई, अजून."

"भिंतींचा पिवळा. तुझा चहा, साखर फार घालतेस. मास्तरांचं झोपेत गिअर बदलणं."

"मी झोपेत गिअर बदलतो?" मास्तर म्हणाले. ते खांबापासून सरळ झाले. यादी घरभर फिरून आपल्या दारात येऊन थांबलीय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी खाकरून घेतलं. रस्त्याच्या टोकाला बस दिसायला लागली होती आणि ती येण्याआधी विचारायला हवं होतं. सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आणि मी?"

हे लग्न आपण जमवलं, वहिनीला आपण पसंत केलं, भावासाठी आपण शोधून आणली, असं वन्सं जन्मभर सांगत आल्या होत्या आणि माई प्रत्येक वेळी हूं हूं करत आल्या होत्या.

"तुम्ही?" माई म्हणाल्या. "तुम्हाला मी मागून घेतलं होतं."

"काय?" बाकावरून वन्सं उठल्याच. "कुणाकडे?"

"तुमच्याकडेच. तुमच्या शाळेत शिलाईच्या तासाला मी दोरे पोचवायला यायचे. हे तुम्हाला डबा द्यायला यायचे, शिट्टी वाजवत. महिनाभर मी तुमच्यासमोर इतकी गुणी वागले, इतकी गुणी वागले वन्सं, की तुमच्याच डोक्यात आलं, ही आपल्या भावाला बरी आहे."

बस येऊन थांबली. दार उघडलं. चालकाने आत या म्हणून हॉर्न वाजवला, पण मास्तर तोंड उघडं टाकून फुटपाथवरच उभे होते, आणि ज्यांनी साऱ्या गावाला गाडी सुरू करायला शिकवलं त्यांना पहिलं पाऊल कुठलं टाकायचं ते आठवत नव्हतं. शेवटी माईंनीच त्यांचा दंड धरला.

"चढा आता," त्या म्हणाल्या. "गुडघा सांभाळून."